गोठ्यातल्या दूधयंत्राचा कनेक्टर बदलताना

नागपूरच्या काटोल रस्त्यावरच्या एका गोठ्यात मे महिन्यात मी दूधयंत्राचा एक एम१२ कनेक्टर, म्हणजे केबल जोडायचा आट्याचा गोल जोड, उघडला. तीनच आठवड्यांपूर्वी तो मी स्वतः बसवला होता. तीन नंबरच्या पिनेभोवती हिरवट भुकटी साचली होती आणि रबराच्या वायसरवर पाण्याचा एक बारीक थेंब होता. कनेक्टर चांगल्या प्रतीचा होता, पैसेही पूर्ण मोजले होते. मग केबलचं आवरण ब्लेडने उभं चिरलं, तेव्हा आतलं तांबं वीतभर आतपर्यंत काळं पडलेलं निघालं. नवा कनेक्टर मी भिजलेल्या केबलवर चढवला होता. त्या दिवसापासून मी कनेक्टर आधी बदलत नाही. पाणी कुठून शिरलं ते आधी शोधतो आणि मगच कात्री हातात घेतो.

पुढची सगळी पद्धत त्याच अनुभवातून आली आहे. दूध काढणारे रोबोट नेदरलँड्समध्ये १९९२ पासून व्यावसायिक वापरात आहेत. आपल्याकडे ते अजून विरळाच. पण पाइपलाइनवर धार काढणारे पार्लर, इलेक्ट्रॉनिक पल्सेटर, दूधमापक, गाईचा टॅग वाचणारा अँटेना या सगळ्यांत कनेक्टर त्याच जातीचे असतात आणि ते खराबही त्याच कारणांनी होतात. त्यामुळे यंत्र रोबोट असो की आठ गाईंचं पार्लर, पायऱ्या बदलत नाहीत.

खराबी ओळखायची कशी

गोठ्यात गेल्यावर बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच ऐकू येतं: "भाऊ, गोठा धुतला का हे बंद पडते, अन् दुपारी आपोआप सुरू होते." असं कोणी म्हणालं की निम्मं निदान तिथेच झालं. सेन्सर खराब असता तर तो दुपारी सुधारला नसता. पाणी वाळतं, पिनांमधली गळती थांबते आणि यंत्र पुन्हा चालू लागतं. म्हणून तीन-चार हजारांचा सेन्सर बदलण्याआधी तक्रार नेमकी कोणत्या वेळी येते ते वहीत लिहून घ्या. धुतल्यावर येणारा बिघाड पाण्याचा असतो. यंत्राचा हात हलला की येणारा बिघाड बहुधा तुटक्या कोरचा, म्हणजे केबलच्या आतल्या एखाद्या तारेचा. भर दुपारी येणारा बिघाड उष्णतेने सैल झालेल्या जोडाचा असू शकतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पत्र्याखालच्या कंट्रोल बॉक्समध्ये त्याहून जास्त तापतं हे लक्षात ठेवा.

पल्सेटरच्या बिघाडाला मी सगळ्यात आधी हात घालतो, बाकीची कामं थांबवून. पल्सेटर मिनिटाला साधारण ६० वेळा उघडझाप करतो, त्यामुळे सडावरचा ताण मोकळा होतो आणि रक्त फिरतं राहतं. तो अडकला तर सडावर निर्वात दाब सलग राहतो. पार्लरमध्ये हा दाब साधारण ४० ते ५० किलोपास्कल असतो. सड सुजतो, गाय लाथा झाडते, आणि मालकाला वाटतं गाय बिघडली. कनेक्टरच्या एका सैल पिनेमुळे गाय दुखणं सोसते, हे डोळ्यांनी पाहिल्यापासून मी या कामात घाई करत नाही.

पाणी आत जातं तरी कसं

कनेक्टरवर आयपी६७ लिहिलेलं असतं. एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जाणार नाही, असा त्याचा अर्थ. पण हा आकडा दोन्ही भाग नीट जोडून, नट पूर्ण आवळलेला असेल तेव्हाचा आहे. उघडा लोंबणारा कनेक्टर कितीही महाग असो, तो उघड्या वाटीसारखाच. शिवाय प्रेशर वॉशरचा फवारा हा पाण्यात बुडवण्यापेक्षा वेगळा मारा. त्यासाठी आयपी६९के असं वेगळं मानांकन असतं, त्यात ८० अंशांच्या पाण्याचा ८० ते १०० बारच्या दाबाने जवळून फवारा मारून पाहतात. फवारा थेट लागेल अशा जागी फक्त ६७ लिहिलेला कनेक्टर लावू नका.

दुसरी वाट थोडी फसवी आहे. कनेक्टरच्या पोटात थोडी हवा असते. उन्हाने किंवा गरम पाइपाशेजारी तो ६० अंशांपर्यंत तापला आणि त्यावर ३० अंशांचं पाणी पडलं, तर आतली हवा जवळजवळ नऊ टक्क्यांनी आकसते. आत पोकळी तयार झाली की वायसरच्या कडेला जे पाणी असेल ते ओढलं जातं. रोज दोनदा धुणं, म्हणजे रोज दोनदा हे ओढणं. म्हणूनच पावसाळ्याचा एकही थेंब न पडता मे महिन्यातही कनेक्टर ओला निघू शकतो.

तिसरी वाट केबलमधून. केबलचं आवरण कुठे तरी उंदराने कुरतडलेलं असतं किंवा पत्र्याच्या धारेने कापलेलं असतं. तारेच्या बारीक केसांमधून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं सरकत जातं आणि दोन हात दूर असलेल्या कनेक्टरमध्ये निघतं. कनेक्टरचा दोष नसतो, पण शिव्या त्यालाच मिळतात.

यात गोमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाची भर पडते. ताणाखालच्या पितळेला अमोनिया भेगा पाडतो, ही गोष्ट जुनी आहे. इंग्रजांच्या काळात भारतात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या पितळी काडतुसांच्या नळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि हवेतली ओल हे त्यामागचं कारण पुढे सापडलं. गोठ्यात निकेल चढवलेल्या पितळी नटाची हीच गत होते. मुलामा घासला गेला की दोन-तीन वर्षांत नट हाताने फिरवला तरी कड तुटून येते. म्हणून खाली, जमिनीलगत, मी स्टेनलेस स्टीलचाच नट मागतो. जमत असेल तर ३१६ प्रतीचा. वर छताजवळ पितळी नट चालतो, तिथे जास्त पैसे घालू नका.

हात लावण्याआधी

धार काढून झाल्यावर, पुढच्या धारेला किमान तीन तास असताना काम काढा. रोबोट असेल तर त्याच्यासमोर गाई येत राहतात, म्हणून फाटक बंद करून घ्या. मग मुख्य स्विच बंद करा, शक्य असेल तर त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. "कोणी लावणार नाही" या भरवशावर राहू नका. गोठ्यात पाच जण असतात, त्यातला एक पंप चालू करायला म्हणून हाच स्विच चढवतो.

वीज बंद केली म्हणजे यंत्र मेलं असं नाही. रोबोटचा हात हवेच्या दाबावर उचललेला असू शकतो. कंप्रेसरची लाइन बंद करून दाब सोडा, हात खाली टेकवा किंवा आधार द्या, मगच त्याखाली जा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या बॉक्समध्ये कपॅसिटर असतात, त्यांत साठलेली वीज उतरायला काही मिनिटं द्या. २४ व्होल्टच्या बाजूचं काम माहितगार माणूस करू शकतो. २३० किंवा ४१५ व्होल्टच्या बाजूला मात्र परवानाधारक वायरमनच हवा. आणि यंत्र वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या माणसाला फोन करा, नाहीतर तुम्ही केलेला जोड दाखवून पुढचा प्रत्येक दावा नाकारला जाईल.

नट सोडण्याआधी मोबाइलने चार फोटो काढा: लांबून, जवळून, केबल कुठून वळते ते, आणि कनेक्टरवरच्या अक्षरांचा. दोन्ही बाजूंना कापडी चिकटपट्टीवर पेनाने एकच आकडा लिहून लावा. एकसारखे चार कनेक्टर एकाच वेळी उघडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरा.

नवा कनेक्टर नेमका कोणता

सीताबर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. पण कारखान्यात लागणारे गोल कनेक्टर हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीला माल देणाऱ्या ऑटोमेशनच्या दुकानदारांकडे मागितलेले बरे. दुकानात "दूधयंत्राचा कनेक्टर द्या" असं म्हणून चालत नाही. चार गोष्टी सांगाव्या लागतात.

आटा किती मिलिमीटरचा ते आधी बघा. १२ मिलिमीटरचा म्हणजे एम१२, आठचा म्हणजे एम८. मग पिना मोजा. त्यानंतर खाचेचा प्रकार, ज्याला कोडिंग म्हणतात. सेन्सरला बहुधा ए-कोडिंग असतं, नेटवर्कच्या केबलला डी-कोडिंग. दोन्ही एम१२ असतात, दोन्हींना चार पिना असू शकतात, पण एक दुसऱ्यात बसत नाही. बसत नाही म्हणून जोर लावला की पिना वाकतात. शेवटी केबलचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. हा आकडा बहुतेक जण विसरतात. हाताने बसवायच्या एम१२ कनेक्टरमध्ये मागची ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळून पाणी अडवणारा भाग, साधारण ४ ते ६ मिलिमीटर किंवा ६ ते ८ मिलिमीटर केबलसाठी असते. साडेतीनच्या केबलवर सहा-आठची ग्लँड कितीही आवळा, पाणी येणारच. टेप गुंडाळून केबल जाड करणं हा उपाय नाही, एका पावसात टेपचा डिंक सुटतो.

पल्सेटर किंवा मोटरच्या जाड तारांना चौकोनी, दोन-चार पिनांचे, ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये दिसणारे डॉइच जातीचे कनेक्टर लागतात. त्यातली नेहमीची १६ नंबरची पिन १३ अँपिअरपर्यंत वाहून नेते, एम१२ची चार पिनांची साधारण चार अँपिअर. चार अँपिअरच्या कनेक्टरवर सहा अँपिअरचा भार टाकला तर पिन तापते, प्लास्टिक मऊ होतं, आणि बिघाड पुन्हा पाण्याच्या नावावर जातो.

केबलच्या आवरणाबद्दल एक वाक्य सांगून पुढे जातो. सतत वाकणाऱ्या, ओढल्या जाणाऱ्या जागी पॉलियुरेथेन चांगलं, पण धुण्याच्या आम्ल-अल्कलीच्या आणि गरम पाण्याच्या जागी चांगलं पीव्हीसी बहुधा जास्त टिकतं. वायसरसाठी ईपीडीएम रबर अल्कली आणि गरम पाणी सहन करतं, मात्र तेल-ग्रीस त्याला चालत नाही.

आणखी एक. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ पर्याय बऱ्याचदा हाताने बसवायचा कनेक्टर नसतोच. कनेक्टरसकट ओतलेली, दोन किंवा पाच मीटरची तयार केबल मिळते. पॅनेलपर्यंतचा रस्ता सरळ असेल तर ती पूर्ण बदला आणि जोड फक्त कोरड्या पॅनेलमध्ये ठेवा. मी हल्ली दहातल्या सहा ठिकाणी हेच करतो. बाकीच्या चार ठिकाणी केबल यंत्राच्या पोटातून जाते, तिथे खालची पद्धत.

कापणं, सोलणं, जोडणं

जुना कनेक्टर केबलवर जिथे संपतो तिथे कापू नका. आधी दहा सेंटिमीटर मागे कापा आणि आतली तार बघा. लालसर, चकचकीत असेल तर ठीक. काळी, तपकिरी किंवा हिरवी असेल तर आणखी दहा सेंटिमीटर मागे. तांबं चमकेपर्यंत मागे जात राहा. केबल आखूड पडली तर पडू द्या, नवीन केबल टाका. काळ्या पडलेल्या तारेवर क्रिम्प केलेला, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला, जोड मल्टिमीटरला पहिल्या दिवशी शून्य ओहम दाखवतो आणि महिन्याभरात मरतो.

आता नट, ग्लँडची रिंग, रबर आणि मागचा भाग केबलवर ओवून घ्या, त्याच क्रमाने. हे आधी करायचं. चारही तारा जोडून झाल्यावर नट टेबलावर राहिलेला दिसला की सगळं पुन्हा सोलावं लागतं, आणि तेव्हा केबल आणखी आखूड होते.

बाहेरचं आवरण ब्लेडने गोल कापताना आतल्या कोरच्या आवरणाला खूण पडता कामा नये. केबल वाकवून हलकेच ब्लेड फिरवा आणि उरलेलं हाताने तोडा. कोर सोलायची लांबी पाकिटावर लिहिलेली असते, बहुतेक एम१२मध्ये पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास. पाकिटावर वेगळं असेल तर तेच खरं धरा. तार सोलली की एकही केस तुटलेला नको. पाव चौरस मिलिमीटरच्या तारेत केस मुळातच कमी असतात, त्यातले तीन तुटले तर तो जोड कमजोर झाला.

स्क्रूचा जोड असेल तर तारेच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूची बारीक नळी, चढवून क्रिम्प करा. सोल्डर लावून टोक कडक करायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडा. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथेच तार वाकते, आणि व्हॅक्यूम पंपाच्या थरथरीने तिथेच तुटते. डॉइच जातीच्या पिनांना त्यांचीच क्रिम्पिंग पक्कड लागते. साध्या पकडीने दाबलेली पिन ओढून बघा, बहुतेक वेळा हातात येते. हे ओढून बघणं प्रत्येक तारेला करा, अगदी प्रत्येक.

रंगांचा क्रम. चार कोरच्या सेन्सर केबलमध्ये पिन १ला तपकिरी म्हणजे २४ व्होल्ट, पिन २ला पांढरी, पिन ३ला निळी म्हणजे शून्य व्होल्ट, पिन ४ला काळी म्हणजे सिग्नल. पाचवी पिन असेल तर बहुधा करडी. पण आधी कोणी दुरुस्ती केलेली असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरने पिन ते पिन मोजून घ्या. पिनांचे आकडे प्लास्टिकवर इतके बारीक असतात की मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून बघावे लागतात. नर आणि मादी कनेक्टरमध्ये आकड्यांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो, इथे चांगले चांगले चुकतात.

आता बंद करा. वायसर जागेवर आहे का, त्याला कापल्याची खूण आहे का, त्यावर शेणाचा किंवा कुटाराचा कण आहे का ते बोट फिरवून बघा. एक कण पुरतो. वायसरवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पिनांवर ग्रीस थापू नका, त्याने खराब जोड चांगला होत नाही. मागची ग्लँड पान्याने आवळा, पुढचा नट मात्र हातानेच. एम१२साठी बरेच उत्पादक ०.६ न्यूटन-मीटर सांगतात, एम८साठी त्याहून कमी. बोटांनी घट्ट फिरवून वर किंचित जोर, एवढंच. पक्कड लावली की आतला वायसर चपटतो आणि पाण्याला वाट मिळते.

केबल बसवताना कनेक्टरच्या आधी खाली एक वळण सोडा. वरून ओघळणारं पाणी त्या वळणाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, कनेक्टरपर्यंत पोहोचत नाही. कनेक्टरचं तोंड आभाळाकडे ठेवू नका. आणि केबल बांधताना कनेक्टरवर तिचं वजन येणार नाही असं बांधा, गाय मान घासते तिथून हातभर लांब.

तपासणी, वीज देण्याआधी आणि नंतर

केबल दोन्ही टोकांना सुटी असतानाच मेगर, म्हणजे तारांमधली गळती मोजणारं मीटर, लावा, २५० व्होल्टवर. एका टोकाला सेन्सर किंवा कार्ड जोडलेलं राहिलं तर मेगर ते जाळेल, म्हणून दोनदा बघा. चांगली कोरडी केबल शेकडो मेगाओहम दाखवते. एक मेगाओहमच्या खाली आलं तर कुठेतरी ओल आहे, मग कनेक्टर कितीही नवा असला तरी केबल बदला.

रोबोटमध्ये यंत्राचे भाग एकमेकांशी कॅन बसच्या दोन तारांवर बोलतात. वीज बंद ठेवून त्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात, म्हणून मापन ६०च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा रोधक किंवा तार सुटली आहे. शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. या एका मापनाने माझे कित्येक तास वाचले आहेत.

मग वीज द्या आणि भार चालू असताना पल्सेटरच्या टोकाला व्होल्टेज मोजा. २४ व्होल्टच्या कॉइलला २१.६च्या खाली मिळत असेल तर वाटेत अजून एक खराब जोड आहे. भार नसताना मोजलेलं २४ फसवतं, म्हणून पल्सेटर चालतानाच मोजा.

शेवटचं मापन गाईसाठी. उभ्या राहण्याच्या जागेचा लोखंडी पाइप आणि ओली जमीन यांच्यामध्ये मल्टिमीटर एसीवर ठेवून बघा. गाईच्या शरीराचा रोध साधारण ५०० ओहम धरतात, माणसापेक्षा बराच कमी, आणि तिचे चारही पाय ओल्यात असतात. आपल्याला ज्याचा पत्ताही लागणार नाही असा एक-दोन व्होल्ट तिला टोचतो. एक व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग बघायला वायरमन बोलवा आणि तोवर त्या जागी धार काढू नका. गाय पार्लरमध्ये शिरायला अडत असेल तर काठी उचलण्याआधी मल्टिमीटर उचला.

मग गोठा नेहमीसारखा धुवायला सांगा, तुमच्यासमोर, नेहमीच्याच माणसाला, नेहमीच्याच फवाऱ्याने. अर्धा तास थांबा. यंत्र चालू राहिलं तर एकदा नट सोडून आत बघा. आत टिश्यू पेपर फिरवा, तो कोरडा निघाला पाहिजे.

विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या गोठ्यांत जमिनीलगतचे सगळे कनेक्टर एकदा उघडून बघतो आणि वायसर बदलतो. मालकांकडे एक डबा ठेवायला लावला आहे: दोन मीटरच्या दोन तयार केबल, दोन हाताने बसवायचे कनेक्टर, पाच-सहा वायसर, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, आणि न वापरलेल्या सॉकेटवर लावायच्या टोप्या. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे, त्यावर तारीख आणि कोणत्या जागेचा कनेक्टर बदलला ते लिहायचं. काटोल रस्त्यावरच्या त्या गोठ्यात त्या कागदावर दीड वर्षात एकाच जागेचं नाव तीनदा आलं. वर चढून पाहिलं तर पत्र्याच्या जोडातून पन्हाळीचं पाणी बरोबर त्या केबलवर पडत होतं. तिथे पत्र्याला पट्टी मारली आणि केबल हातभर सरकवली.